कॅमेऱ्यावरची टिकली: दूरच्या सहकाऱ्यांना चाहूल द्यायची, पण घर किती दाखवायचं?

निळी_खिडकी

गेले सात महिने माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर एक मरून टिकली आहे. मीटिंग असली की नखाने उचलायची, कडेला चिकटवून ठेवायची, मीटिंग संपली की परत जागेवर. गोंद गेला की नवी. ती तिथे कशी आली ते आधी सांगते, मग माझा प्रश्न विचारते.

आमची टीम बारा जणांची. पाच जण पुण्यात, तिघं नागपुरात, दोघं कोल्हापुरात, उरलेले दोघं आपापल्या गावी. २०२० च्या मार्चमध्ये घरून काम सुरू झालं ते आमच्याकडे तसंच राहिलं. काम होतं, पण एकमेकांची चाहूल गेली. ऑफिसात कोण वैतागलंय, कोण डबा न उघडता बसलंय, कोणाला आत्ता हाक मारलेली चालेल, हे विचारावं लागत नसे. खुर्ची सरकल्याच्या आवाजावरूनसुद्धा कळायचं. गेल्या वर्षी आमच्यातला एक मुलगा तीन दिवस तापाने फणफणत खोलीवर एकटा पडून होता. चॅटवर त्याच्या नावापुढचा ठिपका हिरवा, प्रत्येक मेसेजला 'ओके' असं उत्तर. आम्हाला पत्ताच नाही. चौथ्या दिवशी घरमालकांनी त्याला दवाखान्यात नेलं. ते मला अजून टोचतं.

म्हणून वरून एक नवं साधन आलं तेव्हा मी स्वतः त्याच्या बाजूने बोलले होते. दर पाच मिनिटांनी प्रत्येकाच्या कॅमेऱ्यातून एक छोटा फोटो निघतो आणि बारा चौकटींची एक भिंत सगळ्यांच्या स्क्रीनवर दिसते. चौकटीवर क्लिक केलं की थेट कॉल. मला वाटलं, चला, निदान माणसं दिसतील.

आमचं घर दोन खोल्यांचं. माझं टेबल आतल्या खोलीत, आईच्या पलंगाच्या पायथ्याशी. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, मावशी येऊन तिचं अंग पुसून देत. त्या आल्या की मी लॅपटॉप मिटायचे. एका मंगळवारी त्या लवकर आल्या. मी एका फाइलमध्ये गुंतले होते, आईकडे पाठ होती, कानात हेडफोन. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय चालू होती, त्यामुळे निर्धास्तही होते. तेवढ्यात नागपूरच्या सहकारी मुलीचा फोन आला. मेसेज नाही, फोन. "ताई, आधी लॅपटॉप मिटा. मग बोलू."

पलंग धूसर होता. भिंत धूसर होती. औषधांचं स्टूल धूसर होतं. आई स्पष्ट होती, आणि अंगावर पदर नव्हता. पुढचा फोटो निघेपर्यंत ती भिंतीवर होती.

आजवर कोणी त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. आईलाही मी सांगितलेलं नाही. पहिल्यांदाच लिहितेय. तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की कामाची जागा वेगळी ठेवावी. दोन खोल्यांत वेगळी जागा कुठून काढू?

तेव्हापासून टिकली. माझी चौकट काळी असते आणि माझ्याकडे आपण होऊन कोणी डोकावत नाही. म्हणजे जे हवं होतं तेही गेलं. माझा प्रश्न असा: चाहूल राहील आणि घर उघडं पडणार नाही, असं काही तुमच्याकडे चालतं का? 'कॅमेरा बंदच ठेवा' हे उत्तर मला पुरत नाही, तो तापातला मुलगा डोळ्यांपुढे येतो.

सेमीकोलन

वाचून पोटात खड्डा पडला. यात तुमची चूक नाही, हे पहिलं.

धूसर करण्याचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे असं का झालं ते कळेल. ते सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये माणसाचा आकार शोधतं. जिथे माणूस सापडला तो भाग ठेवायचा, उरलेला पुसायचा. हा माणूस तुम्ही की दुसरं कोणी, याच्याशी त्याला बहुतेक वेळा देणंघेणं नसतं. मागे कोणी आलं, उजेड बरा असला, की त्याच्या लेखी तोही माणूस, म्हणून तोही स्पष्ट. अंतर जास्त असेल तर अर्धा स्पष्ट, अर्धा धूसर. म्हणजे ही सोय भिंत, कपाट, वाळत घातलेले कपडे झाकते. घरातली माणसं झाकायला ती बनवलेलीच नाही, आणि बटणावर हे कुठे लिहिलेलं नसतं.

नेहमीच्या मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे पुसणं बहुतेक वेळा तुमच्याच मशीनवर होतं, मूळ चित्र पलीकडे जात नाही. तेवढं बरं. पण फोटो काढणाऱ्या साधनाबाबत लेखी विचारा: फोटो कुठे साठतो, किती दिवस राहतो, मागचे फोटो कोणाला उघडता येतात. तोंडी उत्तरावर थांबू नका.

आणि टिकलीबद्दल. मखमली आणि जाड असेल तर लॅपटॉप मिटण्याआधी काढत जा. कॅमेऱ्यावर झाकण ठेवून मॅकबुक मिटला तर स्क्रीन दुखावू शकते, असं अॅपलने २०२० मध्ये सांगितलं होतं. स्क्रीन आणि कीबोर्डमधली फट फार कमी असते.

रात्रपाळी

ताई, घट्ट मिठी. आमच्याकडेही एकच खोली आहे. नंतर सविस्तर लिहिते, शिफ्ट सुरू होतेय.

तिसरा_मजला

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. आता वय झालं, मुलगी घरून काम करते तेव्हा तिच्या खोलीबाहेर मी चोरासारखा वावरतो, म्हणून हा धागा मनापासून वाचला.

चाळीत दारं दिवसभर उघडी. पण उघडं दार आणि उघडं घर यांत फरक असायचा आणि तो लहान पोरांनाही कळायचा. दाराला पडदा. पडदा बाजूला सारून खिट्टीला अडकवलेला असला तर या. नुसता सोडलेला असला तर बाहेरून हाक मारा. दार लोटलेलं असलं तर घरात कोणी आजारी आहे, नाहीतर कोणाची अंघोळ चाललीय, कडी वाजवायची आणि थांबायचं. पुरुष मंडळी गॅलरीतून येताना दोन दारं आधीच खाकरत यायची. माझ्या आजोबांना खोकला नव्हता, पण बायका नळावर असल्या की त्यांना हटकून खाकरा यायचा.

रात्री कोणाकडे दिवा उशिरापर्यंत दिसला तर शेजारी विचारायला यायचे. तुमचा तो तापातला मुलगा आमच्या चाळीत एक दिवससुद्धा तसा पडून राहिला नसता. पण म्हणून कोणी कोणाच्या पडद्याला भोक पाडून बघत नव्हतं.

तुमच्या त्या भिंतीत मला एकच खटकलं. बघणारा खाकरत नाही.

वाचनवेल

तिसरा_मजला, तुम्ही खाकरण्याचं लिहिलंत आणि मला उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं, कारण हे खाकरणं एकदा यंत्रात बसवलं गेलं होतं. मी मानव-संगणक संवाद हा विषय शिकले आहे, थोडं लांबेल.

निळी_खिडकी, तुमच्या कंपनीने आणलेली भिंत नवी नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्राची एक प्रयोगशाळा दोन गावांत विभागलेली होती, कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो आणि ओरेगनमधलं पोर्टलंड. दोन्हीकडच्या सामाईक खोल्यांत कॅमेरा आणि पडदा लावून त्यांनी त्या कायम जोडून ठेवल्या. मीटिंगसाठी म्हणून नाही. कॉफी घ्यायला आलेला माणूस पलीकडच्याला दिसावा आणि वाटलं तर दोन शब्द बोलावेत, एवढ्यासाठी. याला ते 'मीडिया स्पेस' म्हणत.

पुढे इंग्लंडमधल्या केंब्रिजला, झेरॉक्सच्याच युरोपार्कमध्ये, प्रत्येकाच्या खोलीत कॅमेरे लागले. तिथे 'ग्लान्स' नावाची सोय होती: दुसऱ्याच्या खोलीत काही सेकंद डोकावायचं, फक्त चित्र, आवाज नाही. पण कोणाला डोकावू द्यायचं हे ज्याची खोली तो ठरवणार. आणि चित्र पलीकडे जाण्याच्या काही क्षण आधी त्या खोलीत दार उघडल्याचा आवाज वाजायचा. डोकावणारा गेला की दार मिटल्याचा. बिल गेव्हर नावाच्या संशोधकाचं या आवाजांवर बरंच काम आहे. घंटी किंवा टिंग असा कुठलाही आवाज चालला असता, पण त्यांनी दाराचाच घेतला, कारण दाराचा अर्थ कोणाला शिकवावा लागत नाही.

टोरंटो विद्यापीठात याच सुमाराला प्रत्येकाच्या नावापुढे दाराचं चित्र ठेवलं होतं. सताड उघडं, किलकिलं, बंद, आणि फळ्या ठोकून पक्कं बंद. किलकिलं असेल तर डोकावून विचारा, बंद असेल तर टकटक करा. तुमच्या चाळीतल्या पडद्याची हीच भाषा. आज आपल्या नावापुढे हिरवा किंवा पिवळा ठिपका उरलाय आणि तोही कीबोर्ड किती वेळ हलला नाही यावरून यंत्र ठरवतं. दार आपण ओढून घेत असू, ठिपका आपल्यावर लावला जातो.

आता तुमची भिंत. १९९२ मध्ये पॉल डोरिश आणि सारा ब्लाय यांनी 'पोर्टहोल्स' नावाची यंत्रणा मांडली. पालो आल्टो आणि केंब्रिज इथल्या खोल्यांचे छोटे फोटो, दर काही मिनिटांनी बदलणारे, चौकटींच्या एका पानावर. तुम्ही लिहिलंय ते हुबेहूब. २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा एक ते पाच मिनिटांनी फोटो काढणारी साधनं पुन्हा विकली जाऊ लागली आणि लोकांना ती हेरगिरी वाटली. तंत्र तेच, पण केंब्रिजमध्ये बघणारे आणि दिसणारे एकच होते. साधन त्यांनीच घडवलेलं, आवडलं नाही तर शेजारच्या खोलीत जाऊन भांडता येत होतं. आणि कॅमेरा ऑफिसात होता, कोणाच्या आईच्या पलंगापाशी नव्हता.

धूसर करण्याबद्दलही सांगते. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात २००० च्या आसपास सोल ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ऑफिसातली दृश्यं कमी-जास्त धूसर करून लोकांना दाखवली. इथे पार्श्वभूमी नाही, सगळं चित्र धूसर. मधल्या पातळीवर एक जागा सापडली: माणूस आहे, एकटा आहे, कामात आहे हे कळतं आणि खाजगीपणही राहतं. हुरूप येईल असाच निष्कर्ष. पण याच गटाने नंतर घरांतली दृश्यं घेतली, अगदी कपडे नसलेल्या माणसापर्यंतची, आणि २००६ मध्ये छापलं की घरून काम करणाऱ्यासाठी धूसरपणा पुरत नाही. जितकं धूसर केल्यावर माणसाला सुरक्षित वाटतं, तितकं केल्यावर चाहूलही उरत नाही.

म्हणून त्यांनी घरासाठी वेगळाच कॅमेरा करून पाहिला होता. बंद केला की तो मान फिरवून भिंतीकडे तोंड करायचा. याचं महत्त्व मला तुमचं वाचून आज नीट कळलं. लॅपटॉपचा हिरवा दिवा मोहरीएवढा. तो तुम्हाला दिसतो. पलंगावरून आईला दिसतो का? मावशींना दिसला असता का?

एक काम करा. तुमच्या भिंतीकडे बघणाऱ्या प्रत्येकाची चौकट त्या भिंतीवर आहे का, ते मोजून बघा.

पाणवठा

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणून लिहायला कचरत होतो. चौदा जणांची टीम आहे. सकाळच्या पंधरा मिनिटांच्या कॉलला कॅमेरा चालू ठेवा असं मी सांगतो आणि ते मागे घ्यायची माझी तयारी नाही.

कारण सांगतो. मागच्या जूनमध्ये कॉलेजातून थेट आलेली एक मुलगी आमच्याकडे रुजू झाली. सहा आठवडे ती रोज 'चालू आहे' म्हणायची. आवाज नेहमीसारखा. सातव्या आठवड्यात तिने राजीनामा पाठवला, तेव्हा कळलं की पहिल्या आठवड्यात अडलेली गोष्टच सुटलेली नव्हती आणि कोणाला विचारायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. ऑफिसात असती तर दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावरून ओळखलं असतं. आवाज सांभाळता येतो, चेहरा इतका येत नाही. मला पहारा द्यायचा नाही. मला माझी माणसं हरवायची नाहीत.

पाच मिनिटांनी फोटो हा प्रकार मात्र मला पटत नाही. त्यातून मला काय कळणार? खुर्चीत कोणी बसलंय एवढंच.

निळी_खिडकी

पाणवठा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्या पंधरा मिनिटांवर माझा आक्षेप नाही. वेळ ठरलेली आहे, मी केस विंचरून, आईला सांगून, दार लावून बसू शकते. तुम्ही माझ्याकडे बघताय तेव्हा मीही तुमच्याकडे बघत असते.

वाचनवेल, मोजलं. भिंतीवर चौकटी बारा. बघू शकणारे चौदा. दोघांची नावं सेटिंगमध्ये फार खाली सापडली. दोघंही वरच्या पदावरचे, आणि दोघांनाही चौकट नाही. त्या मंगळवारी बारा स्क्रीन होते असं मी सात महिने धरून चालले होते.

तिसरा_मजला

म्हणजे दोघंजण अंधाऱ्या जिन्यात उभे.

रात्रपाळी

शिफ्ट संपली. आता लिहिते.

मी नागपुरात राहते आणि एका परदेशी बँकेच्या ग्राहकांचे कॉल घेते. आमच्याकडे कॅमेरा चाहुलीसाठी नसतोच. शिफ्ट सुरू होताना लॅपटॉप उचलून खोली गोल फिरवून दाखवायची: टेबलावर मोबाइल नाही, वही नाही, पेन नाही. मग आठ तास कॅमेरा चालू. चौकटीत दुसरा चेहरा आला की सूचना जाते. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. तो रांगत येतो, टेबलाखालून माझ्या पायाला हात लावतो आणि परत जातो. उभं राहायचं नाही हे त्याला आम्ही शिकवलंय.

ग्राहकांचे खातेक्रमांक माझ्यासमोर असतात, त्यामुळे काही बंधनं हवीत हे मी मान्य करते. पण आठ तास सलग? इथे कोणी कायद्यातलं आहे का? आपल्याकडे काही आधार आहे का याला?

काळा_डगला

थोडक्यात सांगतो, हा सल्ला समजू नये. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा झाला, तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरण्याची वाट ठेवलेली आहे. म्हणजे कर्मचाऱ्याची बाजू तिथे लंगडी पडते.

पण ही वाट कर्मचाऱ्यापुरती आहे. निळी_खिडकींच्या आई आणि तुमचा मुलगा हे कोणाचेच कर्मचारी नाहीत. त्यांचा चेहरा टिपण्याचं कारण 'नोकरी' कसं असू शकतं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कंपनीला पत्र लिहाल तेव्हा स्वतःबद्दल कमी आणि त्यांच्याबद्दल जास्त लिहा.

कालव्याकाठी

मी नेदरलँड्समध्ये आहे. इथलं एक प्रकरण तेव्हा आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी होतं. फ्लोरिडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी एक माणूस इथे घरून काम करत होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याला सांगितलं की दिवसभर स्क्रीन शेअर करून कॅमेरा चालू ठेव. तो म्हणाला, स्क्रीन बघा, पण दिवसाचे नऊ तास कॅमेऱ्यासमोर मला अवघडल्यासारखं होतं. नोकरी गेली. झीलँड-वेस्ट-ब्राबंटच्या न्यायालयाने सप्टेंबरमध्ये निकाल दिला: सलग कॅमेरा हा खाजगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे, बडतर्फी बेकायदा. भरपाई आणि इतर रकमा मिळून साधारण ७५ हजार युरो द्यायला लावले.

आधार होता युरोपियन मानवाधिकार कराराच्या आठव्या कलमाचा, म्हणजे खाजगी आणि कौटुंबिक जीवनाच्या आदराचा. त्यात घर येतं, पत्रव्यवहारही येतो. तुम्हाला तो लागू नाही, माहीत आहे. पण रात्रपाळी, तुम्हाला जे वाटतंय ते अवाजवी नाही, एवढं सांगायला लिहिलं. टेबलाखालून येणारा तुमचा मुलगा डोळ्यांसमोरून जात नाही.

शांत_सकाळ

सगळ्यांचं वाचलं, पटलं. एक बाजू राहतेय ती मांडते.

मला ऐकू कमी येतं. समोरच्याचे ओठ दिसले तर मला बोलणं कळतं, नाहीतर शब्दांची नुसती गर्दी. लोक कॅमेरा बंद करतात तेव्हा त्यांचं घर झाकलं जातं आणि माझ्यासाठी मीटिंग बंद होते. मराठी बोलण्याची स्क्रीनवर आपोआप उमटणारी अक्षरं (कॅप्शन) अजून डोकं धरायला लावतात, त्यात अर्धं इंग्रजी मिसळलं की विचारूच नका. ओळखीच्या एक बाई खुणांच्या भाषेत बोलतात. त्यांनी पार्श्वभूमी धूसर केली की बोटंच गायब होतात, सॉफ्टवेअरला हात बाजूला गेला की तो भिंतीचा भाग वाटतो.

माझ्या टीमला मी एवढंच सांगितलंय: जो बोलतो त्याने तेवढ्यापुरता कॅमेरा लावावा, खिडकी पाठीमागे न घेता समोर घ्यावी, म्हणजे चेहऱ्यावर उजेड येतो. बाकीचे बंद ठेवोत. मागे साधी चादर लावा, दोरीवर. ती धूसर होत नाही, चुकत नाही आणि बोटं खात नाही. आमच्यातल्या एकीने इरकल साडी लावलीय, सगळ्यांना आवडते.

सेमीकोलन

चादरीला माझं पूर्ण अनुमोदन. वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय आणि सांगतो, कापडाला तोड नाही.

पाणवठा, एक सुचवू का? २०२० पर्यंत झूममध्ये एक सोय होती. स्क्रीन शेअर चालू असताना कोणी दुसऱ्या खिडकीत गेलं की यजमानाला खूण दिसायची. बोंबाबोंब झाल्यावर त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी ती काढून टाकली. काढल्याने कोणाच्या मीटिंग बिघडल्या नाहीत. दुसरं, स्वतःचा चेहरा सतत समोर दिसणं थकवतं, हे स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलंय. नव्या लोकांना स्वतःची चौकट लपवायला शिकवा. बहुतेकांना ते बटण माहीत नसतं.

पाणवठा

शिकवतो. आणि निळी_खिडकींचा बारा-चौदाचा हिशोब वाचून मी आमच्याकडचाही केला. आमच्या सकाळच्या कॉलला माझे वरिष्ठ कधीकधी येतात, कॅमेरा बंद, माइक बंद, न बोलता ऐकून जातात. मला त्यात आजवर काही वावगं वाटलं नव्हतं. सोमवारी त्यांच्याशी बोललो. म्हणालो, यायचं तर चेहरा दाखवून या, निदान नमस्कार करा. ते नाराज झाले. बघू.

तरी कॅमेरा पूर्ण ऐच्छिक करावा हे मला अजून पटलेलं नाही. ऐच्छिक केला की जो अडचणीत आहे तोच आधी बंद करतो.

वाचनवेल

इथे आपलं जुळणार नाही, पाणवठा. अडचणीतला माणूस कॅमेरा बंद करतो कारण त्याला तुमची भीती वाटत असते. कॅमेरा लावायला भाग पाडून भीती जात नाही, तो चेहराही सांभाळायला शिकतो. त्या नव्या मुलीला एक शेजारी नेमून दिला असता, रोज दुपारी दहा मिनिटं फक्त तिच्याशी बोलणारा, तर चेहरा न दिसताही कळलं असतं.

पाणवठा

शेजारी नेमायचं लगेच करतो. बाकीच्यावर विचार करायला वेळ द्या.

निळी_खिडकी

दीड महिन्याने परत आले. उशिरासाठी क्षमस्व.

काळा_डगलांनी सुचवलं तसं पत्र लिहिलं. आईचं नाव घातलं नाही, 'घरातली आजारी व्यक्ती' असं लिहिलं. नागपूरच्या मुलीने आणि कोल्हापूरच्या दोघांनी खाली सह्या केल्या. कंपनीने साधन काढलेलं नाही, बाकीच्या टीममध्ये ते चालूच आहे. पण आमच्या टीमपुरते फोटो थांबवले, आणि चौकट नसलेल्या दोघांची नावं यादीतून गेली. जुने फोटो पुसल्याचं लेखी आलं.

त्या जागी आम्ही आपापसांत ठरवलंय ते असं. चॅटमध्ये नावापुढे दाराचं चिन्ह स्वतः लावायचं: उघडं, किलकिलं, बंद. बंद का, हे कोणी विचारायचं नाही. पण सलग दोन दिवस बंद राहिलं तर कोणीतरी एकाने साधा फोन करायचा, कामाचा विषय न काढता. तापातल्या मुलाचीच ही सूचना. सकाळी अकरा ते साडेअकरा एक खोली उघडी असते, यायचं त्याने यावं, येताना 'आले हं' म्हणायचं. न बोलता ऐकत बसायचं नाही. पहिल्या आठवड्यात दोघंच होतो. काल सात जण होते, कोल्हापूरच्या एकाने गॅलरीतून पाऊस दाखवला आणि सगळे गप्प बसून बघत राहिले. दोघंजण अजून एकदाही आलेले नाहीत. त्यांचं दार किलकिलं असतं, तेवढंही मला पुरतं.

आईला सांगितलं. परवा, जेवणं झाल्यावर. ती बराच वेळ काही बोलली नाही. भांडी आवरली, पुन्हा येऊन बसली. मग विचारलं, "फोन केला ती पोर कोण?" मी सांगितलं. पुढच्या महिन्यात ती मुलगी कामाला पुण्यात येणार आहे. हॉटेलात उतरायचं नाही असं आईने मला तिला कळवायला लावलंय.

आणि वाचनवेल, तुमच्या त्या मान फिरवणाऱ्या कॅमेऱ्यावरून सुचलं. टेबलावर आईला दिसेल असा एक छोटा पिवळा दिवा ठेवलाय. कॅमेरा उघडला की दिवा लावायचा. दिवा असेपर्यंत मावशी पडद्याआड थांबतात. आई पलंगावरून विचारते, "गेले का तुझे लोक?"

रात्रपाळी

ताई, दिवा कॅमेऱ्याबरोबर आपोआप लागतो की हाताने लावावा लागतो? मुलाला लांबून कळेल असं काहीतरी मला हवंच होतं. टेबलाखाली लाल दिवा दिसेल असा ठेवून बघते.

निळी_खिडकी

हाताने. पहिले दोन-तीन दिवस विसरायचे. आता कॅमेऱ्यावरून काढलेली टिकली दिव्याच्या बटणावर चिकटवते, म्हणजे हात आपोआप तिथे जातो. तुझ्या मुलाला काय जमतंय ते कळव.